हादरा पाण्यामुळे आला का, हे गावात बसून कसं शोधायचं

आमच्याकडे पाऊस ओसरायला लागला की एखाद्या रात्री मांडणीवरची भांडी वाजतात. आधी पितळी तांब्या, कारण तो काठाला असतो आणि त्याचा तळ जरा वाकडा आहे, मग ताटं, मग कौलांतून बारीक माती खाली पडते. मी चिपळूण तालुक्यातला, घाटाच्या पायथ्याचा, त्यामुळे कोयनेचे हादरे आम्हाला नवीन नाहीत, आजी तर कूस बदलून परत झोपते. पण गेल्या वर्षी असाच एक बारका हादरा आला आणि वाडीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस सुरू झाला, कोणी म्हणतं धरणाला काहीतरी झालं, कोणी म्हणतं कुठेतरी कंपनी बोअर मारून जमिनीत पाणी भरतेय त्याचं हे, आणि सकाळी चहा पिताना पुतण्याने विचारलं, काका, अमेरिकेत खरंच विहिरीत पाणी भरून भूकंप झालेत का, आणि झाले असतील तर आपला हादरा कशाचा हे आपण कसं ओळखायचं?

पहिल्याचं उत्तर सोपं, हो, झालेत, आणि चांगले मोठे झालेत. दुसऱ्याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, त्यासाठी थोडं काम करावं लागतं, पण ते काम गावात बसून होतं, त्याला मशीन लागत नाही, दोन वह्या लागतात. ते कसं करायचं ते लिहितो.

आधी खाली काय होतं ते समजून घ्या

गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर उपडा ठेवा. थोड्या वेळाने तो आपणहून सरकतो, लहानपणी सगळ्यांनी पाहिलंय. ओटा किंचित उतरता असतो, पण नुसता उतार पुरत नाही, नाहीतर कोरडा पेलाही सरकला असता. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि पेल्याला आतून थोडंसं उचलते, काठाचा ओट्यावरचा भार कमी होतो, मग तोच बारका उतार पेल्याला ओढून नेतो.

जमिनीखाली अगदी हेच. खोल खडकात जुन्या भेगा असतात ज्यांना फॉल्ट म्हणतात, दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर प्रचंड जोराने दाबलेले असतात आणि सरकायचा ताणही हजारो वर्षांपासून साठलेला असतो, पण वरचा भार त्यांना धरून ठेवतो. त्या भेगेत दाबाने पाणी शिरलं की ते पाणी दोन्ही खडकांना आतून ढकलतं, पकड सैल होते आणि साठलेला ताण सुटतो. बरेच लोक म्हणतात पाण्याने वंगण होतं म्हणून खडक घसरतो, तेलकट लाकडावरून होडी घसरावी तसा. ते तसं नाहीये. घसरट होण्यापेक्षा दाब महत्त्वाचा, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे प्रश्न बरोबर विचारता येतात, कारण मग तुम्ही पाणी किती यापेक्षा दाब किती, कुठे आणि किती दिवस हे विचारता.

आणि म्हणूनच ताकद पाण्याची नसते, जमिनीत आधीच भरलेल्या ताणाची असते. पाणी फक्त कडी काढतं.

कुठली विहीर मोजायची आणि कुठली नाही

आपल्या घरामागची बोअर यात येत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण ग्रुपवर निम्मी भीती तिचीच असते. आपली बोअर दोनशे-तीनशे फूट, आपण तिच्यातून पाणी काढतो, भरत नाही, आणि पावसाचं पाणी पुनर्भरणासाठी सोडलं तरी ते आपल्या वजनाने झिरपतं, पंपाने रेटून नाही. त्याने भूकंप होत नाही, पुनर्भरण बिनधास्त करा. काही ठिकाणी कारखान्यांचं घाण पाणी चोरून बोअरमध्ये सोडतात, त्याला रिव्हर्स बोअरिंग म्हणतात, तो गुन्हाच आहे आणि त्याने शेजारच्या विहिरींत विष जातं, पण त्याची तक्रार प्रदूषणाची म्हणून करा, भूकंपाची म्हणून केलीत तर ती ऐकूनच घेणार नाहीत आणि खरा मुद्दाही बुडेल.

मोजायच्या त्या इंजेक्शन वेल, एक-दोन-तीन किलोमीटर किंवा आणखी खोल, जिथे पंप लावून दाबाने काहीतरी खाली भरलं जातं. तेलाबरोबर निघालेलं खारं पाणी परत जिरवायला, गरम खडकातून वाफ मिळवायला, गॅस साठवायला, खडक फोडून गॅस काढायला, कार्बन डायऑक्साइड कायमचा पुरायला. मुंबई हायमध्येही तेलाचा दाब टिकवायला समुद्राचं पाणी खाली भरतात, पण तिथे तेल बाहेर येत असतं आणि त्याची जागा पाणी घेतं, म्हणजे जमा-खर्च बराचसा जुळतो. धोका वाढतो तो नुसतं भरतच राहिलं आणि काढलं काहीच नाही तर. हा जमा-खर्चाचा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आपल्याकडचं मोठं उदाहरण विहिरीचं नाही, धरणाचं आहे. कोयनेच्या तलावात १९६२ पासून पाणी साठायला लागलं, बारके हादरे सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला, २०० च्या आसपास माणसं गेली. आजी तेव्हा नवी नवरी, ती सांगते की खळ्यात उभ्या केलेल्या भाताच्या उडवीला धरून ती उभी राहिली आणि उडवीच हलत होती. तलावात कोणी पंपाने पाणी रेटलं नव्हतं, पण इतक्या पाण्याचं वजन आणि त्याचा खडकाच्या भेगांतून खाली पोचणारा दाब, काम तेच करतो. म्हणून विहिरीचा भूकंप समजायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही, कुंभार्ली घाट चढून गेलं की झालं.

दोन वह्यांची पद्धत

ही पद्धत माझी नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ लष्कराच्या एका शस्त्रांच्या कारखान्याने विषारी सांडपाणी जिरवायला ३.६ किलोमीटरहून खोल विहीर खणली आणि मार्च १९६२ मध्ये पाणी भरायला सुरुवात केली. पुढच्याच महिन्यात हादरे. लोकांना कळेना काय चाललंय. मग १९६५ मध्ये डेव्हिड इव्हान्स नावाच्या भूशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट केली, दर महिन्याला विहिरीत किती पाणी गेलं त्याचा एक आलेख काढला आणि दर महिन्याला किती हादरे झाले त्याचा दुसरा, आणि दोन्ही एकाखाली एक ठेवले. जास्त पाणी, जास्त हादरे, मधे पंप थांबला तेव्हा हादरेही कमी. फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद झाली.

म्हणजे एक वही हादऱ्यांची, एक वही पाण्याची. पहिली गावाने लिहायची, दुसरी ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून मागायची.

पहिल्या वहीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळी मेख तिथेच आहे. लोक भूकंप झाल्यावर वही आणतात, ते उशिरा होतं. वही आधीपासून हवी, काहीच होत नसताना सुद्धा, कारण उद्या कोणी म्हणालं की तुमच्याकडे असे हादरे पहिल्यापासूनच होते, तर तुमच्याकडे दाखवायला मागची दोन वर्षं पाहिजेत. शंभर पानी साधी वही घ्या, रेघा मारा, तारीख, वेळ, कुठे होतो, काय वाजलं, काय हललं, किती वेळ, आवाज आला का, शेजारी कोणाला जाणवलं का. वेळ मोबाईलची घाला, भिंतीवरच्या घड्याळाची नको, आमचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे असतं आणि त्यामुळे माझ्या पहिल्या सहा महिन्यांच्या नोंदी कशाशीच जुळत नव्हत्या. मिनिट तरी बरोबर पाहिजे, सेकंद मिळाले तर सोन्याहून पिवळं.

काय हललं ते नेमकं लिहा. "जोरात हादरा" याचा काही उपयोग नाही. "मांडणीवरचा तांब्या वाजला, पडला नाही" हे लिहा. टांगलेला बल्ब झुलला का, गोठ्यातली गुरं आधी उठली का, विहिरीचं पाणी गढूळ झालं का, चिऱ्याच्या भिंतीत नवी चीर गेली का. चीर गेली असेल तर तिच्या टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख घाला, पुढच्या वेळी चीर रेघेच्या पुढे गेली की कळतं. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं धरा म्हणजे रुंदी समजते.

आणि अंतराचा अंदाज सुद्धा काढता येतो, हे मला फार आवडतं. भूकंपाच्या दोन लाटा असतात, पहिली चटकन येणारी, बारीक, नुसता धक्का किंवा गडगड, आणि मागून येणारी दुसरी, जी खरं हलवते. दोघींमध्ये जितके सेकंद जातात त्याला साधारण ८ ने गुणा, तेवढे किलोमीटर लांब. चिपळूण शहरातून कोयनानगर सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे कोयनेचा हादरा असेल तर मधे साडेतीन-चार सेकंद मिळतात. गडगड आणि हलणं एकदमच आलं तर हादरा जवळचा. पहिल्या एक-दोन वेळा मोजायचं भानच राहत नाही, घाबरायला होतं, पण सवय झाली की तोंडात आपोआप एक, दोन, तीन सुरू होतं. मुलांना हे शिकवा, ती मोठ्यांपेक्षा नीट मोजतात.

सुरुंग वेगळा काढायला विसरू नका. आपल्याकडे काळ्या दगडाच्या खाणी, क्रशर, हायवेचं काम, बोगदे, त्यामुळे जमीन हलली म्हणजे भूकंपच असं नाही. सुरुंग दिवसा उडतात, बहुतेक ठरलेल्या वेळेला, धक्का एकच आणि तुटक, आणि हवेतून मोठा आवाज येतो, खिडक्या वाजतात. भूकंपाला रात्र-दिवस कळत नाही. तुमच्या वहीतले सगळे हादरे दुपारी १ ते २ च्या मध्ये असतील आणि रविवारी एकही नसेल तर खाणवाल्याला भेटा.

सरकारी नोंद कशी बघायची आणि त्यात कुठे फसतो

वहीत लिहून झालं की राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या वेबसाइटवर किंवा त्यांच्या भूकंप ॲपवर बघा, तारीख, वेळ, ठिकाण, खोली, मॅग्निट्यूड म्हणजे भूकंप किती मोठा तो आकडा, सगळं मिळतं. ते आकडे वहीत त्याच ओळीत दुसऱ्या रंगाने लिहा. अगदी बारके हादरे यादीत नसतात, तरी तुमची नोंद खोडू नका, तशीच राहू द्या.

वेळेत लोक फार फसतात. परदेशी साइटवरची वेळ जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. कोयनेचा मोठा भूकंप काही ठिकाणी १० डिसेंबर १९६७ असा दिसतो आणि काही ठिकाणी ११, भांडणं होतात त्यावरून, पण दोन्ही बरोबर, जागतिक वेळेने १० तारखेचे रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं म्हणजे आपली ११ ची पहाट.

खोली बघताना आणखी सांभाळा. यादीत एकामागून एक ५ किलोमीटर, १० किलोमीटर असे गोल आकडे दिसले तर ती मोजलेली खोली असेलच असं नाही, जवळपास पुरेशी यंत्रं नसली की एक ठरावीक आकडा धरून चालतात. विहीर तीन किलोमीटर आणि भूकंप दहा किलोमीटर, म्हणजे विहिरीचा संबंध नाही, असा निष्कर्ष त्या आकड्यावरून कोणी काढला तर विचारा की सगळ्यात जवळचं भूकंपमापक किती लांब होतं.

मॅग्निट्यूडमध्ये एकचा फरक म्हणजे जवळजवळ ३२ पट ऊर्जा, तेव्हा ३ आणि ५ यांना एकाच दमात "मध्यम" म्हणू नका.

दुसरी वही कोणाकडून मागायची

धरणाची वही सोपी. कोयनेचा पाणीसाठा पावसाळ्यात रोज पेपरात येतो, १०५ टीएमसीपैकी किती भरलं ते, त्याचं कात्रण किंवा नुसता आकडा रोज लिहून ठेवा. भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेवर आयुष्यभर काम केलंय, त्यांनी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या, पाणी किती वर चढलं, किती झपाट्याने चढलं, आणि वर किती दिवस टिकलं. म्हणून नुसता "धरण भरलं" हा एक दिवस लिहून भागत नाही, चढता आकडा पाहिजे. आमच्या वहीत दोन वर्षांच्या नोंदी झाल्यावर मी एकाखाली एक मांडून बघितल्या, पावसाळ्यानंतर हादरे जास्त, हे आजी नुसत्या आठवणीवर सांगत होती तेच कागदावर दिसलं. कराडला केंद्र सरकारची याच कामासाठी प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात गोठणे गावात ३ किलोमीटर खोल बोअर घेतलीय, तिच्याबद्दलही अफवा असतात की तिच्यामुळेच हादरे येतात, पण ती निरीक्षणासाठी आहे आणि हादरे तिच्या पन्नास-पंचावन्न वर्षं आधीपासून आहेत. त्या भागातल्या खोदकामात कळलं की आपला काळा कातळ सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली ग्रॅनाइट लागतो.

हे ग्रॅनाइटचं का सांगतो? कारण मोठे जुने फॉल्ट त्या खालच्या खडकात असतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये तेलाबरोबर निघालेलं खारं पाणी ज्या थरात जिरवत होते तो थर त्या जुन्या खडकाच्या लगेच वर होता, पाण्याचा दाब खाली फॉल्टपर्यंत पोचला. २००८ च्या आधी तिथे ३ च्या वरचे हादरे वर्षाला एखाद-दुसरे, २०१५ मध्ये ९०० च्या आसपास. एका राज्यात! ३ सप्टेंबर २०१६ ला ५.८ चा झाला. मग पाण्यावर मर्यादा घातल्या आणि हादरे उतरत गेले. तेव्हा उद्या आपल्याकडे कुठला प्रकल्प खोल काही भरणार असेल तर पहिला प्रश्न हाच, तुमच्या विहिरीचा तळ आणि ग्रॅनाइट यांच्यात किती अंतर आहे आणि मधे पाणी अडवणारा थर कुठला.

असा प्रकल्प येईल का असं तुम्ही म्हणाल. दख्खनच्या काळ्या खडकात कार्बन डायऑक्साइड पुरता येईल का याचा अभ्यास चालू आहे, आणि आपल्या गरम पाण्याच्या कुंडांतून ऊर्जा मिळेल का हेही वर्षानुवर्षं बघतायत. वज्रेश्वरी, पालीचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीचं उन्हवरे, संगमेश्वरातलं तुरळ आणि राजवाडी, ही कुंडं किनाऱ्याला समांतर एका ओळीत आहेत ती उगाच नाही. तुरळच्या कुंडाला हात लावा, हात ठेववत नाही. ते पाणी पावसाचंच, ते खोल जातं, तापतं आणि परत वर येतं, म्हणजे खाली जायची-यायची वाट आहे. जिथे वाट आहे तिथे दाबाने काही भरायचं असेल तर आधी वाट कुठे जाते ते बघा, एवढं माझं म्हणणं आहे. मी अशा ऊर्जेच्या विरोधात अजिबात नाही, आइसलँडमध्ये ते उत्तम चाललंय, पण तिथेही २०११ मध्ये वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडताना ४ च्या आसपासचे हादरे झाले आणि लोकांना आधी सांगायला हवं होतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

जनसुनावणी लागली तर किमान ३० दिवस आधी नोटीस यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, तो ग्रामपंचायतीत जाऊन मागा, "इंग्लिशमध्ये आहे, तुम्हाला कळणार नाही" यावर परत येऊ नका. सुनावणीत बोलताना "आम्हाला भूकंप नको" एवढंच बोलून खाली बसलात तर ते "स्थानिकांनी चिंता व्यक्त केली" असं एका ओळीत जातं. त्यापेक्षा असं विचारा आणि लेखी द्या, पोच घ्या: रोज किती पाणी भरणार आणि किती काढणार, विहिरीच्या तोंडाशी दाब किती, तो रोजचा आकडा गावाला कळणार का? काम सुरू व्हायच्या किमान वर्षभर आधी भूकंपमापकं बसवणार का, आणि त्यांचा डेटा कोण ठेवणार? कितीच्या हादऱ्याला पंप हळू करणार आणि कितीच्या हादऱ्याला बंद, आणि बंद करायचा अधिकार कोणाचा, कंपनीचा की बाहेरच्या माणसाचा? इंग्लंडमध्ये याला सिग्नलसारखी पद्धत केली होती, हिरवा-पिवळा-लाल, आणि लाल ०.५ लाच लागायचा, म्हणजे माणसाला जाणवतही नाही इतक्या बारक्याला. भिंतींना चिरा गेल्या तर पंचनामा कोण करणार आणि पैसे कोणाच्या खात्यातून? प्रकल्प चालू झाल्यावर आकडे मिळाले नाहीत तर ज्या सरकारी खात्याकडे ते जमा होतात तिथे माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. अर्जात "सर्व माहिती द्यावी" लिहू नका, "अमुक विहीर, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, दररोज भरलेलं पाणी आणि कमाल दाब" असं लिहा.

समुद्रात असलेली विहीर आपली नाही असंही समजू नका. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यासमोर समुद्राखालच्या जुन्या तेलाच्या जागेत २०१३ मध्ये गॅस साठवायला लागले आणि किनाऱ्यावरच्या गावांना हादरे बसले, मोठा ४ च्या वर गेला, प्रकल्प बंद पडला.

वह्या जुळवताना

१९९३ मध्ये टेक्सासच्या डेव्हिस आणि फ्रोलिश या भूकंपशास्त्रज्ञांनी यासाठी एक प्रश्नावली केली, ती अजून वापरतात. असे हादरे इथे पहिल्यांदाच होतायत का? पाणी भरण्याच्या वेळेशी त्यांचा संबंध दिसतो का? केंद्र विहिरीच्या ५ किलोमीटरच्या आत आहे का? खोली विहिरीच्या तळाच्या जवळपास आहे का? तिथपर्यंत पाणी न्यायला फॉल्ट किंवा तशी वाट आहे का? आणि तळाशी आणि भूकंपाच्या जागी दाब पुरेसा वाढला होता का? पहिल्या चार प्रश्नांचं उत्तर गावाची वही आणि सरकारी यादी देते, बाकीचं तज्ज्ञांनी द्यायचं. पण ओक्लाहोमाने दाखवलं की खूप विहिरींचा दाब एकत्र झाला तर तो कितीतरी लांब जातो, तेव्हा ५ किलोमीटरला लक्ष्मणरेषा समजू नका.

सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेच्या बाबतीत. आज पंप लावला, उद्या हादरा, असंच होईल असं वाटतं. कधी होतंही, स्वित्झर्लंडमध्ये बासल शहराखाली डिसेंबर २००६ मध्ये गरम खडकात पाणी भरायला लागले आणि आठवडाभराच्या आत ३.४ चा हादरा बसला, शहर हादरलं, प्रकल्प पुढे रद्द झाला. पण डेन्व्हरला विहीर बंद झाल्यावर दीड वर्षाने, ऑगस्ट १९६७ मध्ये, सगळ्यात मोठा भूकंप झाला, ५ च्या आसपासचा, कारण भरलेला दाब खडकात हळूहळू पसरतच होता. दक्षिण कोरियात पोहांगला तशाच गरम खडकाच्या प्रकल्पात शेवटचं पाणी भरलं सप्टेंबर २०१७ मध्ये आणि ५.४ चा भूकंप झाला १५ नोव्हेंबरला. त्याच्या आधी एप्रिलमध्ये ३ च्या वरचा एक झाला होता, तेव्हाच थांबायला हवं होतं. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने सांगितलं की हा भूकंप त्या प्रकल्पामुळेच. म्हणून पंप बंद झाला त्या दिवशी वही बंद करायची नाही, पुढे किमान दोन वर्षं लिहायची.

उलट बाजूही बघा. दोन आलेख जुळले म्हणजे लगेच सिद्ध झालं असं नाही, गणपतीत पाऊस जास्त असतो म्हणून गणपतीमुळे पाऊस पडत नाही. अमेरिकेत रेंजली नावाच्या तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी मुद्दाम दाब वाढवून-कमी करून बघितलं, वाढवला की हादरे वाढले, उतरवला की उतरले, तेव्हा खात्री पटली. आपल्याला तसं करता येत नाही, पण मधे पंप काही कारणाने महिनाभर बंद राहिला असेल तर तो महिना वहीत नीट बघा, तोच आपला प्रयोग.

आणि आपल्या उत्तर कोकणातलं डहाणू-तलासरी विसरू नका. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास हादऱ्यांची रांगच लागली, फेब्रुवारी २०१९ मध्ये एक ४ च्या वर गेला, लोक थंडीत तंबूत झोपत होते. तिथे इंजेक्शन वेल नव्हती. खोल भेगांत निसर्गतःच पाणी सरकल्यामुळे अशा रांगा लागू शकतात असं शास्त्रज्ञांनी तिथल्याबद्दलही मांडलंय. म्हणजे पाणी आणि दाब हे गणित तेच, पण पाणी भरणारा माणूस असेलच असं नाही, आणि वही हे दोन्ही वेगळं काढायला उपयोगी पडते.

घराबद्दल थोडं

डहाणूकडे त्या दिवसांत घाबरून पळताना पडून एका लहान मुलीचा जीव गेला. म्हणून हे लिहितोय. हलायला लागलं की धावत सुटू नका, टेबल किंवा पलंगाखाली शिरा, डोकं झाका, थांबल्यावर चालत बाहेर या. दारातच असाल तर खळ्यात या, पण गडग्याला टेकून, माडाखाली किंवा विहिरीच्या काठाला उभे राहू नका. माळ्यावरचा जड पत्रा, पाटा-वरवंटा, तांब्याचा हंडा खाली आणा. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीला कोपऱ्यात आणि छपराच्या खाली सलग पट्टा नसेल तर पुढच्या दुरुस्तीत तो घालून घ्या, बारक्या बारक्या हादऱ्यांनी कोपरे आधी सुटतात. निसटती कौलं पावसाआधी शाकारतानाच बांधून घ्या.

आमची वही पडवीत खुंटीला सुतळीने बांधलेली आहे, पेन्सिलही त्याच सुतळीला, कारण पेन कोणीतरी नेतंच. हल्ली पुतण्या लिहितो. त्याची पहिली नोंद अशी आहे, "रात्री २.१४, तांब्या वाजला, पडला नाही, मधे ३ सेकंद, आजी उठली नाही, शेजारच्या वहिनींना पण जाणवलं, धरण ९८ टीएमसी." दर महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो काढून तो मुंबईच्या काकाला पाठवतो, वही भिजली किंवा हरवली तर एक प्रत दुसरीकडे असावी म्हणून.